शब्दचर्चा : ‘रोगलाइक’, ‘रन’, ‘पर्माडेथ’ – स्पेलंकीबद्दल मराठीत लिहायचं तर

प्रश्न :

मुलांच्या एका अंकासाठी ‘स्पेलंकी’ या, गुहा धुंडाळत खाली उतरायच्या व्हिडिओ गेमवर लेख लिहितेय. डेरेक यू यांनी तो २००८च्या डिसेंबरात फुकट खेळायला दिला, २०१२ साली नव्या चित्रांसह पुन्हा बांधला, आणि २०२०मध्ये त्याचा दुसरा भाग आला. खेळ मला नीट माहीत आहे, अडतंय ते भाषेपाशी. पहिलंच वाक्य असं झालंय : ‘स्पेलंकी हा एक आव्हानात्मक, रेट्रो शैलीतील प्लॅटफॉर्मर असून त्यात प्रोसीजरल जनरेशन व पर्माडेथ हे रोगलाइक घटक आढळतात.’ नववीतल्या एका मुलीला वाचायला दिलं, तर तिने विचारलं, यात रोग कुठला? कोशातले प्रतिशब्द मला सापडलेत, पण ते नकोत. खेळता खेळता तोंडात येतील असे शब्द हवे आहेत.

प्रतिसाद :

ताई, ‘रोग’पासूनच सुरुवात करू. इथे ते विशेषनाम आहे. १९८०च्या सुमारास मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या कॅलिफोर्नियातल्या दोन विद्यार्थ्यांनी युनिक्स या संगणक प्रणालीवर ‘रोग’ नावाचा खेळ लिहिला. पुढे केन आर्नल्ड त्यांना येऊन मिळाले. चित्रं नाहीतच, सगळा पडदा अक्षरांचा. ‘@’ म्हणजे तुम्ही, इंग्रजीतली मोठी अक्षरं म्हणजे राक्षस, आणि खाली खोल कुठेतरी येंडोरचा ताईत. तो घेऊन वर यायचं. या खेळाच्या दोन गोष्टी लोकांच्या मनात घर करून राहिल्या : तळघर दर वेळी नवं, आणि मेलात तर जपून ठेवलेला खेळही गेला. त्याच्यासारखे जे पुढे निघाले, त्यांना ‘रोगलाइक’, म्हणजे ‘रोग’सारखे, म्हणायची पद्धत पडली.

म्हणजे मूळ इंग्रजी शब्दही वर्णन करत नाही, फक्त एका पूर्वजाचं नाव सांगतो. त्यामुळे ‘रोग’चा इंग्रजीतला अर्थ भामटा म्हणून कोणी ‘भामटासदृश’ वगैरे केलंत, तर अर्थ हाती येणार नाही आणि पूर्वजही हरवेल. मी ‘‘रोग’च्या वळणाचा खेळ’ असं लिहीन. अक्षराला वळण असतं, घराण्याला वळण असतं, तसंच हे. आणि एक कटाक्षाने पाळा : ‘रोगाच्या’ नाही, ‘रोग’च्या. विशेषनामाचं सामान्यरूप केलं नाही की वाचणाऱ्याला आपोआप कळतं, हे नाव आहे, आजार नाही. त्या मुलीची अडचण निम्मी तिथेच सुटेल.

प्रतिसाद :

वळण पटलं. पण स्पेलंकी खरोखर त्या वळणाचा आहे का, यावर जाणकारांत एकमत नाही, तेवढं लेखात यायला हवं. २००८ सालीच बर्लिनमध्ये असे खेळ लिहिणाऱ्यांची परिषद भरली होती, आणि त्यांनी या प्रकाराची लक्षणं ठरवली. त्यांतलं एक मोठं लक्षण म्हणजे खेळ पाळीपाळीने चालला पाहिजे : तुम्ही एक पाऊल टाका, मग राक्षस एक टाकेल. स्पेलंकीत कसली पाळी! वटवाघूळ तुमच्यासाठी थांबत नाही. म्हणून काही लोक अशांना ‘रोगलाइट’ म्हणतात, पातळ केलेला ‘रोग’ अशा अर्थाने. मला ते नाव या खेळावर अन्याय करणारं वाटतं. स्पेलंकीत काहीही पातळ केलेलं नाही. ‘पाळीपाळीने’ हा शब्द मात्र जरूर वापरा. कोशातल्या कुठल्याही शब्दापेक्षा तो मुलांना आधी कळेल.

प्रतिसाद :

‘रन’साठी माझं मत ‘डाव’. ‘धाव’ करू नका, धाव क्रिकेटची. स्पेलंकी खेळणारा म्हणतो, ‘आजचा रन चांगला चालला होता, बर्फाच्या गुहेपर्यंत गेलो.’ हे वाक्य मराठीत मुलं आपसूक बोलतात : ‘डाव रंगला होता, मोडला.’ मांडणं, रंगणं, मोडणं, नव्याने मांडणं, अशी सगळी क्रियापदं ‘डाव’बरोबर तयारच मिळतात. नवा शब्द घडवला तर त्याची क्रियापदंही घडवावी लागतात, आणि तिथेच असे शब्द मरतात.

प्रतिसाद :

डाव म्हणजे कुस्तीतला पेचही. ‘त्याने डाव टाकला’ असं झालं तर घोटाळा होणार नाही का?

प्रतिसाद :

नाही होणार. पेच टाकतात, खेळ मांडतात. क्रियापद वेगळं आहे. उलट क्रिकेटमधला ‘डाव’ इथे मदतीलाच येतो. फलंदाज बाद झाला की त्याचा डाव संपला, मागे फिरून पुन्हा क्रीझवर येता येत नाही. स्पेलंकीत नेमकं तेच आहे.

यावरूनच ‘पर्माडेथ’कडे येतो, कारण माझ्या मते सगळ्यात चुकीचं भाषांतर याचंच होतं. ‘कायमचा मृत्यू’ हे शब्द मी दोन-तीन ठिकाणी वाचले आणि दर वेळी खटकले. मराठीत मृत्यू कायमचाच असतो. ‘कायमचा’ म्हणायची गरज व्हिडिओ गेमवाल्यांना पडली, कारण त्यांच्याकडे माणूस तीनदा मरून चौथ्यांदा उठतो. आपण ही गोष्ट उलट बाजूने सांगावी. काय आहे ते सांगू नका, काय नाही ते सांगा : या खेळात जीवदान नाही. झेल सुटला की समालोचक म्हणतात ना, ‘फलंदाजाला जीवदान मिळालं’, तोच शब्द. ‘स्पेलंकीत जीवदान नाही, गेलात की डाव पुन्हा पहिल्या खाणीपासून.’ एवढं वाक्य पुरतं. नव्या संज्ञेची गरज नाही.

प्रश्नकर्ती :

‘जीवदान नाही’ फार आवडलं. पण खेळात एक अपवाद आहे. जंगलात लपलेल्या काळ्या बाजारात अँख (प्राचीन इजिप्तमधलं जीवनाचं चिन्ह) मिळतो, तो जवळ असताना मेलं तर माणूस एकदा परत उठतो. मग ‘जीवदान नाही’ म्हणणं खोटं ठरेल का?

प्रतिसाद :

उलट नेमकं ठरतं. ‘जीवदान नाही, हवं तर खेळातले ५०,००० मोजून विकत घ्यावं लागतं’ असं लिहा. २०१२च्या खेळात अँखची किंमत तेवढीच आहे.

आणि अशा नावांचा विषय निघालाच आहे तर एक आग्रहाची विनंती. या खेळात काही नावं आपल्याकडूनच गेलेली आहेत, ती इंग्रजी स्पेलिंगवरून परत आणू नका. गुहेत कधी कधी एक वेदी लागते, ती कालीची. तिच्यावर बेशुद्ध किंवा मेलेला राक्षस ठेवला की काली तो बळी स्वीकारते, आणि कृपा पुरेशी साठली की एक पात्र देते. त्याचं नाव इंग्रजीत पाहून लोक ‘कापाला’ लिहितात. अहो, ते ‘कपाल’ आहे! कवटीचं पात्र, कापालिकांमुळे आपल्याला ठाऊक असलेलं. खेळातही ते तेच काम करतं : सांडलेलं रक्त त्यात साठतं आणि भरलं की एक बदाम (खेळणाऱ्याचा जीव मोजायची खूण) वाढतो. वेदी बॉम्बने उडवलीत तर कालीचा कोप होतो आणि कधी पायात साखळीने लोखंडी गोळाही अडकतो. ‘कोप’ हाच शब्द ठेवा. ‘काली नाराज होते’ असं लिहिलंत तर सगळा दराराच गेला.

तसंच २०१२च्या खेळात सगळ्यात शेवटी, नरकाच्या तळाशी बसलेला ‘किंग यामा’ म्हणजे यमराज. मात्र त्याच्याबरोबर बैलतोंड्या आणि घोडतोंड्या असे दोन पहारेकरी आहेत. ते चिनी नरकातले. बौद्ध धर्माबरोबर यम चीनला गेला आणि तिथे त्याला हे सोबती मिळाले. त्यामुळे ‘आपला यमराज’ म्हणून थांबू नका, चीनमार्गे आलेला यम आहे हे एका वाक्यात सांगा.

प्रतिसाद :

‘प्रोसीजरल जनरेशन’साठी, म्हणजे दर वेळी खेळानेच नवी खाण तयार करण्यासाठी, ‘यादृच्छिक निर्मिती’ लिहिणार असाल तर थांबा. तो शब्द जड आहे म्हणून नव्हे, तो चूक आहे म्हणून. यादृच्छिक म्हणजे कसंही, येईल तसं. स्पेलंकीतली खाण कशीही पडत नाही.

ती अशी होते. एक टप्पा म्हणजे १६ खोल्या, चार ओळींत चार-चार. एकेक खोली १० चौकोन रुंद, ८ उंच. वरच्या ओळीतली एक खोली दाराची. तिथून खेळ १ ते ५ मधला एक आकडा काढतो : १ किंवा २ आला तर डावीकडे, ३ किंवा ४ आला तर उजवीकडे, ५ आला तर खाली. कडेची भिंत लागली तरी खाली. शेवटच्या ओळीत असताना पुन्हा खाली जायची वेळ आली की तिथे बाहेर पडायचं दार. ही वाट आधी पक्की होते. मग वाटेवरच्या प्रत्येक खोलीसाठी, योग्य त्या बाजूला मोकळीक असलेला आराखडा निवडला जातो; हे आराखडे माणसाने हाताने काढून ठेवलेले आहेत. वाटेबाहेरच्या खोल्या कशाही भरल्या तरी चालतात. म्हणून खाण कितीही विचित्र दिसली तरी एकही बॉम्ब न फोडता, एकही दोर न लावता खालचं दार गाठता येतं. बॉम्ब आणि दोर सुरुवातीला चार-चारच मिळतात, त्यामुळे या हमीवर सगळा खेळ उभा आहे.

याला मराठीत ‘बेतणं’ म्हणतात. शिंपी कापड बेततो तसं : माप आधी, कात्री नंतर. ‘दर डावाला खाण नव्याने बेतली जाते.’ बेतण्यात नवेपणाही आला आणि हिशेबही आला. यादृच्छिकमध्ये हिशेब येत नाही, आणि या खेळाचं सौंदर्य त्या हिशेबातच आहे.

प्रतिसाद :

‘प्लॅटफॉर्मर’चं ‘फलाटी खेळ’ कुणी सुचवायच्या आत सांगते : नको. फलाट म्हटलं की वाचणारा दादरला उभा राहतो. आम्ही टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या गेमवर वाढलो, तेव्हा या प्रकाराला ‘मारिओसारखा’ म्हणायचो आणि कुणाचं काही अडत नसे. आज ‘प्लॅटफॉर्म गेम’ बेलाशक लिहावं, फक्त पहिल्या वेळी ‘धावत, उड्या मारत पुढे जायचा’ एवढं जोडावं.

‘रेट्रो’ला ‘जुन्या धाटणीचा’ चपखल आहे. जुना नाही, जुन्या धाटणीचा. चित्रांबद्दल लिहाल तेव्हा ‘ठोकळेबाज’ टाळा. मराठीत तो दोष आहे. ‘ठोकळ्याठोकळ्यांची चित्रं’ म्हणा. आणि नावाबद्दल : गुहा धुंडाळण्याला इंग्रजीत स्पेलंकिंग म्हणतात, त्यावरून स्पेलंकी. ‘लेणी’ कुठे येऊ देऊ नका, लेणी कोरलेली असतात.

प्रतिसाद :

राहिला ‘आव्हानात्मक’. हा शब्द आता इतक्या ठिकाणी वापरला जातो की त्यातून काहीच कळत नाही. अवघड खेळ दोन तऱ्हेचे असतात. एक रडीचा डाव खेळणारे, आणि दुसरे खेळणाऱ्याचा कस पाहणारे. स्पेलंकी दुसऱ्या तऱ्हेचा, आणि लेखात मुख्य सांगायचं हेच.

एक मरण जवळून दाखवा, मुलांना लगेच समजेल. भिंतीत दगडी तोंड बसवलेलं असतं, बाणाचा सापळा. समोरून काहीही हललं की बाण सुटतो आणि चारांतले दोन बदाम जातात. पण बदाम गेले एवढ्यावर भागत नाही. बाणाच्या धक्क्याने माणूस मागे फेकला जातो, क्षणभर हातपाय चालत नाहीत, मागे खड्डा असेल तर खाली पडतो, आणि खाली खिळे असतील तर उरलेले दोन बदाम कामाला येत नाहीत. खिळ्यांवर पडलं की संपलं. पाहणाऱ्याला वाटतं नशीब फुटकं. खेळणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की पुढे जाण्याआधी एक मडकं फेकायला हवं होतं. बाण मडक्यावर सुटला असता आणि वाट मोकळी झाली असती.

शिवाय नियम सगळ्यांना सारखे. तोच बाण वटवाघळाला लागतो, सोडवून आणलेल्या बाईला लागतो, दुकानदारालाही लागतो. दुकानदाराला लागला तर तो तुमच्यावरच बंदूक रोखतो, आणि पुढच्या टप्प्यांच्या दारात तुमची वाट पाहत उभा असतो. फार वेळ रेंगाळलात, २०१२च्या खेळात अडीच मिनिटं, तर भूत येतं. भिंतीतून येतं, स्पर्श झाला की डाव संपला. पण ते ज्या रत्नांवरून जातं त्यांचे हिरे होतात, म्हणून कसलेले गडी मुद्दाम थांबून भुताला मागे लावून घेतात. ‘भूत मागे लागणं’ इथे शब्दशः खरं आहे, बिनधास्त वापरा.

तेव्हा ‘आव्हानात्मक’ काढा, ‘कस पाहणारा’ घाला.

प्रश्नकर्ती :

सगळ्यांचे आभार. वाक्य आता असं झालंय : ‘स्पेलंकी हा जुन्या धाटणीचा, धावत-उड्या मारत पुढे जायचा प्लॅटफॉर्म गेम, पण वळण ‘रोग’चं. दर डावाला खाण नव्याने बेतलेली, आणि जीवदान नाही.’ ‘कस’ दुसऱ्या परिच्छेदात घेतला, बाणाच्या प्रसंगासकट.

एकच शब्द उरला. संगणकावरच्या आवृत्तीत रोज एक डाव असा असतो की जगभर सगळ्यांना त्या दिवशी तीच खाण मिळते, आणि प्रत्येकाला एकदाच खेळता येतं. ‘सगळ्यांचा सीड एकच’ असं म्हणतात; सीड म्हणजे ज्या आकड्यावरून खाण बेतली जाते तो. ‘बीज’ लिहू का?

प्रतिसाद :

बीज नको, मुलं झाड शोधतील. पत्त्यांतून घ्या : ‘त्या दिवशी वाटप सगळ्यांना सारखं.’ आणि त्या खेळाला ‘रोजचा डाव’ म्हणा.