बाळाच्या व्यंगाला ग्रहण कारणीभूत, की घरची परिस्थिती?

पूर्वभागातली नणंद
मागच्या वर्षी माझ्या भावजयीला मुलगी झाली. पाठीच्या मणक्यावर गाठ, पायांत ताकद नाही. वॉर्डातल्या बायकांचा पहिला प्रश्न, "ग्रहण पाळलं नव्हतं का?" आमच्या आईनेही तेच धरलं. ग्रहणात विळीवर बसले म्हणून असं झालं, असं भावजय अजून रडून सांगते.

माझं म्हणणं ठाम आहे. मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते. ती नीट मिटली नाही तर पाठीवर अशी गाठ येते. तेव्हा बाईची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. भावजय घरी विड्या वळते. मजुरी हजाराच्या हिशोबाने, सुपापाशी बसली नाही तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. म्हणून नाव नोंदवायला गेली ती तिसरा महिना संपता संपता. ही नळी मिटायला जे जीवनसत्त्व लागतं, त्या फॉलिकच्या गोळ्या मिळाल्यावर एकही चुकवली नाही तिने, पण नळी मिटायची वेळ दीड महिना आधीच सरली होती. त्याआधी पोटात काय, तर कडक भाकरी न् शेंगाचटणी. पालेभाजी सगळ्यांचं जेवून उरली तर. याला परिस्थिती नाही तर काय म्हणायचं?

अक्कलकोट रोड
ताई, तुमचं दुःख कळतं, पण हे पटत नाही. माझ्या ओळखीत बंगला-गाडी असलेल्या घरात हृदयाला छिद्र असलेलं बाळ झालं. त्यांना काय कमी होतं? गरिबीचं नाव घेतलं की शेवटी बोट गरीब आईकडेच जातं. आपल्याकडे खरं कारण नात्यातली लग्नं. मामाची मुलगी तर सर्रास, काही घरांत मामा-भाचीचंसुद्धा लग्न लागतं. त्यावर बोला की.

कुंभारीकर
माझी बायको मामाचीच पोरगी हाय. दोन्ही पोरं धडधाकट. नशिबाचा भाग असतोय ह्यो, उगं कुणाला दोष देऊ नका.

बावीस वर्षं वॉर्डात
मी परिचारिका आहे. कुंभारीकर, तुमची पोरं सुखी राहोत. पण कुठल्याही १०० बाळंतपणांत दोन-तीन बाळांना मोठं व्यंग असतं आणि आते-मामे भावंडांच्या लग्नात ते प्रमाण साधारण दुप्पट होतं. म्हणजे १०० तली ९४-९५ मुलं धडधाकटच. मामा-भाचीच्या लग्नात धोका त्याहून जास्त.

पाठीवरच्या गाठीचं मात्र ताईंचं बरोबर आहे. पहिलं बाळ असं झालेल्या बायकांना दिवस जाण्याआधीपासून फॉलिक दिलं, तर पुन्हा तसंच होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. सात देशांत मिळून केलेल्या या चाचणीचा निकाल १९९१ साली आला. आणि बंगल्यातल्या घरी १८-२० आठवड्यांची सोनोग्राफी वेळेवर होते. गंभीर दोष दिसला तर पुढे काय करायचं हे ठरवायला त्यांच्या हातात वेळ असतो. गरिबाघरी बाळ जन्मल्यावरच कळतं.

अक्कलकोट रोड
मग सिस्टर, तुम्हीच सांगताय की फरक सोनोग्राफीत आहे, धोक्यात नाही. शिवाय माझी बहीण बँकेत अधिकारी. तिनेही आधी गोळी घेतली नव्हती, कुणी सांगितलंच नाही. पैशाचा काय संबंध?

पूर्वभागातली नणंद
दादा, तुमच्या बहिणीला पाळी चुकल्याच्या दुसऱ्या दिवशी रजा टाकून दवाखान्यात जाता आलं असतं. भावजयीला नाही. नात्यातल्या लग्नांचंही तसंच. आमच्या गल्लीत ती होतात ती हुंडा वाचतो, विणायचा माग घरातच राहतो, पोरगी परक्यात जात नाही म्हणून. तीही परिस्थितीच.

बावीस वर्षं वॉर्डात
सोनोग्राफीचा फरक वेगळा, गोळीचा वेगळा. दोन्ही गरिबालाच भोवतात. शाळेत मुलींना आठवड्याला निळी गोळी मिळते, तिच्यात लोहाबरोबर फॉलिक असतं. शाळा सुटली, लग्न झालं की बहुतेकींची ती बंद. पुन्हा गोळी हातात पडते ती आशाताईंच्या वहीत नाव चढल्यावर. मधल्या काळात दिवस जातात आणि नेमक्या तेव्हा तिच्याकडे काहीच नसतं. वॉर्डात अशा कितीतरी मुली बघितल्या. गोळी चहापेक्षा स्वस्त आहे हो, जीव तुटतो.

अक्कलकोट रोड
मधल्या काळाचं मान्य. पण नात्यातली लग्नं थांबवा, हे मी म्हणतच राहणार.

पूर्वभागातली नणंद
म्हणा, माझी हरकत नाही. सिस्टर, भावजय दुसऱ्या बाळाचा विचार करतेय. काय करू?

बावीस वर्षं वॉर्डात
दिवस जाण्याआधीच डॉक्टरांना दाखवा. पहिल्या बाळाचं सगळं सांगा, कागद न्या. तिला नेहमीची छोटी गोळी पुरणार नाही, मोठ्या डोसची लागते, बहुतेक ५ मिलिग्रॅमची देतात. दिवस जाण्याच्या किमान महिनाभर आधीपासून ते गरोदरपणाचे तीन महिने पूर्ण होईपर्यंत. साखरही तपासून घ्या.

पूर्वभागातली नणंद
सोमवारी नेते. आईलाही सोबत घेणार आहे. ग्रहणाचं तिने डॉक्टरांच्याच तोंडून ऐकावं, भावजयीच्या समोर.