मदत हवी आहे: १९९१ ची स्की बोट वेकबोर्डिंगसाठी (बोटीमागे दोरीला धरून फळीवर उभं राहून लाटांवर उड्या मारणं) कितपत वजन टाकून जड करावी?

मंडळी, अमेरिकेत तळ्याकाठी राहणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून विचारतोय.

आम्ही मिशिगनमध्ये, अ‍ॅन आर्बरजवळ. हिवाळ्यात एक १९९१ ची स्की नॉटिक (स्की ओढणाऱ्या बोटीचं मॉडेल) घेतली. फोर्डचं ३५१ इंजिन, कार्बोरेटरवालं, बोटीच्या मधोमध. प्रॉपेलर पोटाखाली, त्यामुळे पोरं मागे पाण्यात असली तरी आउटबोर्डइतकी (मागे बाहेर टांगलेलं इंजिन) धास्ती वाटत नाही. आधीच्या मालकाने इंजिन छान ठेवलंय, सीटांचं काय ते बोलायला नको.

अडचण अशी की ही बोट स्लॅलम स्कीसाठी (एकाच स्कीवर बॉयांना वळसे घालत जाणं) बांधलेली. ताशी ३४-३६ मैलांवर मागची लाट जवळपास सपाट, आणि तेच तिचं कौतुक. आमच्या पोरांना मात्र वेकबोर्डचं वेड. त्यांना हवा २० मैलांचा वेग आणि उडी मारायला उंच लाट. नव्या व्ही-ड्राइव्ह बोटींत इंजिन मागे असतं, पाण्याच्या टाक्या आतच बसवलेल्या असतात. त्यांची किंमत ऐकून बायको म्हणाली, एवढ्यात पुण्यात फ्लॅटचं बघू.

तर वजन कुठे आणि किती टाकू? पाणी भरायच्या ४०० पौंडांच्या दोन पिशव्या (फॅट सॅक) डोळ्यासमोर आहेत. दोरी उंचावर बांधायला टॉवर (बोटीवरची कमान) घ्यावा की लांब पायलन (दोरी बांधायचा खांब) पुरे? आणि प्रॉपेलरचा शाफ्ट जिथून बाहेर जातो तिथून पाणी ठिबकतंय, हे काय प्रकरण आहे?

प्रतिसाद

ठिबकणं आधी सांगतो, घाबरू नका. तिथे दोरीचं पॅकिंग असतं आणि शाफ्ट फिरताना मिनिटाला काही थेंब पडायलाच हवेत, त्याच पाण्याने ते थंड राहतं. अगदी कोरडं होईपर्यंत आवळलंत तर शाफ्ट खाऊन टाकेल. धार लागली तर मात्र बघा.

वजनाचा विचार करण्याआधी स्ट्रिंगर (तळाशी लांबीने जाणाऱ्या, इंजिन पेलणाऱ्या तुळया) तपासा. १९९१ च्या बोटीत ते लाकडाचे, वरून फायबरग्लास. इंजिनाचे माउंट ज्या जाड लॅग स्क्रूंनी लाकडात बसवलेत, त्यांना पाना लावून हलकेच आवळून बघा. घट्ट बसले तर ठीक. नुसते गरगर फिरले तर आत लाकूड कुजलंय, आणि तसल्या बोटीत ८०० पौंड पाणी म्हणजे आ बैल मुझे मार.

लाकूड चांगलं निघालं तर एकच पिशवी मागे, अर्धी भरून. पुढे कोणीतरी बसवा, नाहीतर नाक वर धरून चालेल. कपॅसिटी प्लेटवरच्या (बोटीत किती वजन चालतं ते सांगणारी पाटी) आकड्यात माणसांबरोबर पिशवीतलं पाणीही धरायचं. या बोटी पाण्याला फार टेकलेल्या असतात; वेगात असताना एकदम थ्रॉटल सोडला की आपलीच लाट मागून आत येते. थ्रॉटल सावकाश सोडा. वजनाने इंजिन दमलं, पुरेसे आरपीएम घेईना, तर प्रॉपेलर एक इंच कमी पिचचा (एका फेऱ्यात पुढे सरकायचं अंतर) घ्या, साधारण दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात. घेताना तुमचा डावा फिरतो की उजवा ते आधी बघा.

टॉवरच्या भानगडीत सध्या पडू नका. जुन्या डेकला आतून आधाराच्या पट्ट्या द्याव्या लागतात. पोरांच्या वजनाला लांब पायलन, पुढून पट्ट्याने ताणलेला, चालून जातो. ट्यूब (बोटीमागे ओढायची हवेची फुगवलेली रिंग) मात्र त्याला कधीही बांधू नका.

आणि तळं बदलताना पिशव्या पूर्ण रिकाम्या करा. मिशिगनमध्ये २०१९ पासून बोट रस्त्यावर आणण्याआधी ड्रेन प्लग काढून पाणी सोडणं सक्तीचं आहे. झेब्रा शिंपल्यांची (तळ्यात झपाट्याने पसरणारे परके शिंपले) पिल्लं त्या उरलेल्या पाण्यातूनही पसरतात.

धागाकर्ता

खूप आभार. लगेच पाना घेऊन बसलो. उजवीकडचे सगळे घट्ट. डावीकडचा मागचा फिरतोय. बाहेर काढला तर आट्यांत ओला काळा भुसा. पिशव्यांची ऑर्डर थांबवलीये. स्ट्रिंगरचा एवढाच तुकडा कापून बदलता येतो का, की इंजिन उतरवावंच लागतं? घरी गॅरेजमध्ये कोणी केलंय का?