पानगळीचे तीन रविवार (मराठी शाळा, पहिली-दुसरीचा वर्ग)

विषय: पानगळीचे तीन रविवार – पहिली-दुसरीच्या पालकांसाठी

नमस्कार मंडळी,

पुढचे तीन रविवार पहिली-दुसरीच्या वर्गात पानगळ हा एकच विषय घ्यायचा विचार आहे. आपली मुलं सहा-सात वर्षांची, मराठीला आठवड्यातून जेमतेम दीड तास. सोमवार ते शुक्रवार त्यांच्या इथल्या अमेरिकन शाळेत सध्या पानं, भोपळे आणि सफरचंदं यांचाच मोसम आहे. रविवारी आपण त्यांच्यापुढे आंब्याच्या झाडाचं चित्र ठेवतो आणि खोड कुठलं, फांदी कुठली ते विचारतो. खिडकीबाहेर मेपल लालभडक झालेला असतो आणि मुलं तिकडेच बघत असतात. मागच्या रविवारी एका मुलीने विचारलं, "ताई, ते झाड मराठीत आहे का?" तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

म्हणून विनंती. प्रत्येक मुलाने कागदी पिशवीत दहा पडलेली पानं आणावीत. झाडावरची तोडू नयेत. पानं मुलानेच वेचावीत, आईबाबांनी छान छान निवडून देऊ नयेत. किडकी, भोकं पडलेली, अर्धी हिरवी अर्धी पिवळी, सगळी हवीत. प्लास्टिकच्या पिशवीत पानांना घाम सुटतो आणि ती काळी पडतात, म्हणून कागदीच पिशवी. आणि कृपा करून नेटवरची रंगवायची पानं छापून आणू नका. रंग आधीच भरलेली पानं अंगणात पडलेली असताना कोरा कागद कशाला?

पहिल्या रविवारी जमिनीवर दोरीची तीन रिंगणं करणार: तो, ती, ते. देठ 'तो' मध्ये, फांदी आणि शीर 'ती' मध्ये, पान 'ते' मध्ये. मग रंग: पिवळा देठ, पिवळी फांदी, पिवळं पान. आपली मुलं सर्रास "पिवळा पान" म्हणतात, आणि घोकून ते सुधारत नाही हे मी तीन वर्षं बघतेय. हातात वस्तू असली की जीभ वळते.

एक अडचण आहे. फळ्यावर काय लिहू? 'शरद ऋतू' लिहावं तर मन घेत नाही. जाणकारांनी सांगावं.

– पहिली-दुसरीची ताई

उत्तर: पानगळीचे तीन रविवार

ताई,

कल्पना फार आवडली, पण दोन गोष्टींची काळजी वाटते, ती मोकळेपणाने लिहिते.

एक, ॲकॉर्न, म्हणजे ओकच्या झाडाची टोपीवाली फळं. पिशव्यांमधून मुलं ते आणणारच, कारण त्यांना पानांपेक्षा तेच जास्त आवडतात. गेल्या वर्षी माझ्या दोघांनी ओकखालून वाटीभर ॲकॉर्न आणले. टोपीसकट, गुळगुळीत, कुणालाही हातात धरावेसे वाटतील असे. मी ते जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवले. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर टेबलक्लॉथवर पांढऱ्या, गुबगुबीत, तांबूस डोक्याच्या सात-आठ अळ्या चालत होत्या आणि वाटीतल्या प्रत्येक दुसऱ्या ॲकॉर्नला बारीक गोल भोक. जुळ्यांचा धाकटा भाऊ रडला. त्यानंतर त्याने वर्षभर ॲकॉर्नला हात लावला नाही.

दोन, गोचीड. आपल्याकडे हा विषय हलक्यात घ्यायचा नाही. गोचीड चावल्याने होणाऱ्या लाइम रोगाला नाव पडलं तेच शेजारच्या कनेक्टिकट राज्यातल्या लाइम गावावरून. थंडी पडली की गोचीड संपले असं आपण समजतो, पण मोठे गोचीड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही चांगले हिंडते असतात, आणि पाचोळा ही त्यांची आवडती जागा. मुलांना पाचोळ्यात लोळू द्यायचं असेल तर घरी आल्यावर मानेवर, कानामागे, गुडघ्यांच्या मागे बघायला हवं, हे सगळ्या पालकांना स्पष्ट कळवा.

– दुसरीतल्या जुळ्यांची आई

उत्तर: पानगळीचे तीन रविवार

नमस्कार,

मी इथल्या एका प्राथमिक शाळेत पहिलीला शिकवते. दर ऑक्टोबरला हेच करते, त्यामुळे थोडं लिहायचा हक्क आहे असं समजते.

अळ्यांबद्दल आधी. त्या ॲकॉर्नमधल्या सोंडेकिड्याच्या. मादी हिरव्या ॲकॉर्नला सोंडेने भोक पाडून आत अंडं घालते, अळी आतला गर खाते आणि ॲकॉर्न खाली पडला की ते गोल भोक कुरतडून बाहेर येते, जमिनीत शिरायला. तुमच्याकडे जमिनीऐवजी टेबलक्लॉथ होता इतकंच. पण ताई, हाच तर धडा! बादलीभर पाणी घ्या आणि ॲकॉर्न त्यात टाका. भरीव असतात ते बहुतेक बुडतात, पोखरलेले तरंगतात. 'बुडतो' आणि 'तरंगतो' ही दोन क्रियापदं मुलांना एका मिनिटात येतील आणि जन्मभर राहतील. तरंगणाऱ्यांपैकी दोन-तीन काचेच्या बरणीत मातीवर ठेवा, वर जाळीचं कापड बांधा. अळी बाहेर आली तर मुलं घाबरणार नाहीत, कारण ती वाट बघत असतील. धाकट्यालाही बोलवा.

एक मात्र बघा: कुणाला नट्सची ॲलर्जी असेल तर ॲकॉर्न वर्गात आणण्याआधी त्या पालकांना विचारलंच पाहिजे.

आता पानांबद्दल. आमच्या शाळेत वर्ग रोज भरतो, तुमचा आठवड्याने. म्हणजे आज जमवलेली पानं पुढच्या रविवारी वाकडी, तपकिरी, चुरचुरीत झालेली असणार. काही पानं वर्तमानपत्रात घालून जाड पुस्तकांखाली दाबा, ती रंग धरतील. बाकीची मुद्दाम तशीच ठेवा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. पुढच्या रविवारी पुन्हा वजन करा. वजन कुठे गेलं, हा प्रश्न मुलांना विचारायचा आणि गप्प बसायचं. शिक्षकाला सगळ्यात कठीण जातं ते गप्प बसणंच.

रंगाचा प्रयोग दुसऱ्या रविवारी करा, आणि तो हिरव्या पानांवर करा, त्यातच गंमत आहे. हिरवी पानं बारीक फाडून काचेच्या पेल्यात घालायची, वर ती बुडतील इतकं औषधाच्या दुकानातलं रबिंग अल्कोहोल (ओतायचं मोठ्यांनीच, खिडकी उघडी ठेवून), आणि पेला कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवायचा. गॅसजवळ अजिबात नाही. अर्ध्या-पाऊण तासाने पेल्यातलं अल्कोहोल हिरवं झालं की कॉफीच्या फिल्टरची लांब पट्टी त्यात टोक बुडेल अशी सोडायची. हिरवा पट्टा वर चढतो आणि सावकाश त्याच्यापासून पिवळा पट्टा सुटा होतो. पिवळा पानात उन्हाळाभर होताच, हिरव्याखाली झाकलेला. दिवस लहान झाले की झाड हिरवं द्रव्य बनवायचं थांबवतं, असलेलं मोडून टाकतं आणि झाकलेलं दिसू लागतं. मेपलच्या लालाची गोष्ट वेगळी. तो आधी नसतो. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा असला की पानात अडकलेल्या साखरेपासून तो नव्याने तयार होतो. म्हणून एखादं वर्ष फिकं जातं आणि एखाद्या वर्षी सगळा रस्ता पेटतो.

आपल्या मुलांना हे सांगायला माझ्याकडे त्यांच्या शाळेत नसलेली एक वस्तू आहे. पिवळा-नारिंगी रंग गाजराच्या घराण्यातला आणि लाल रंग कोकमाच्या घराण्यातला. चार आमसुलं पाण्यात टाकून ते पाणी शेजारी ठेवा.

तिसऱ्या रविवारी लाल भोपळा फोडा. किती बिया निघतील याचा प्रत्येकाने आधी अंदाज करून लिहायचा. मग दहा-दहाचे ढीग. मुलं इंग्रजीत पाचशेपर्यंत सहज मोजतात आणि मराठीत एकोणतीसला अडतात, कारण आपल्याकडे एकक आधी बोललं जातं आणि एकोणतीस, एकोणचाळीस तर पुढच्या दशकाचं नाव घेऊन येतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी जोडवाचनं दिली तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला होता! मी दोन्ही शिकवावीत या मताची आहे. आधी ढीग बघून 'दोन दशक नऊ', मग एक बी सरकवून 'आता तीस, म्हणून मघाशी एक कमी तीस'. एकोणतीस या शब्दाचा अर्थ माझ्या स्वतःच्या मुलाला बियांमुळे कळला.

गराचे घारगे करायला मी येते.

– मंडळातली एक मावशी

उत्तर: फळ्यावर काय लिहावे

सौ. ताईंस नमस्कार,

मी मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलो आहे. नोकरी वनखात्यात झाली, त्यातली बरीच वर्षे चंद्रपूर-गडचिरोलीकडे. आपण विचारले म्हणून लिहितो.

आपल्या मनाला पटत नाही ते योग्यच आहे. शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. महिने जवळपास तेच, पण तेव्हा आपल्याकडे पाऊस नुकताच सरलेला, आभाळ धुतलेले, भात पिवळे झालेले आणि झाडे गच्च हिरवी असतात. शरदाचे चांदणे, शरदाची पानगळ नव्हे. आपली पाने गळतात शिशिरात, माघ-फाल्गुनात. साग तर उन्हाळ्यात पुरता खराटा होतो, आणि त्याच सुमारास निष्पर्ण पळस फुलतो. म्हणून फळ्यावर 'पानगळ' एवढेच लिहावे. शब्द आपला आहे आणि इथल्या झाडालाही खोटा पडत नाही.

मुलांना पुढे एक सांगता येईल. साग पाने टाकतो कारण उन्हाळ्यात जमिनीत पाणी उरत नाही. मेपल टाकतो कारण दिवस आखडला हे त्याला कळते आणि पुढे जमिनीतले पाणी गोठणार असते, म्हणजे असून नसल्यासारखे. पानांवाटे पाणी उडून जाते, ते वाचवण्यासाठी दोघेही देठाच्या बुडाशी बुचासारखा थर धरतात आणि पान सोडून देतात. एक उन्हाला भिऊन, एक बर्फाला. देठाच्या टोकाला बोट लावले तर तो गुळगुळीत वण मुलांना जाणवेल. फांदीवरही तसाच जुळणारा वण सापडतो.

एक धोक्याची सूचना. सध्या कुंपणांवर सर्वांत सुंदर लाल दिसते ती बरेचदा पॉयझन आयव्ही. तीन-तीन पाने एकत्र, मधल्याचा देठ लांब. वाळलेल्या पानानेही अंगावर उठते. ती आपल्या बिब्ब्याच्या आणि आंब्या-काजूच्या कुळातली. बिब्बा उतलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे, मुलांना तसे होऊ नये. पहिल्या रविवारी पिशव्या मी तपासून देईन.

– तिसरीतल्या नातवाचे आजोबा

उत्तर: पानगळीचे तीन रविवार – दोन झाले

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. दोन रविवारांचा वृत्तांत.

आजोबांनी दारातच खुर्ची टाकली आणि अकरा पिशव्या एकेक करून पाहिल्या. एका पिशवीत खरंच आयव्ही निघाली. त्यांनी हातमोजे घालून ती काढली आणि त्या मुलाचे हात साबणाने धुऊन घेतले. त्याला काही झालं नाही. पण आता प्रत्येक मूल तीन पानं एकत्र दिसली की "मधल्याचा देठ बघ" असं ओरडतं, आणि मराठीत ओरडतं.

रिंगणांचा खेळ ठरल्यापेक्षा लांबला. पिवळा-पिवळी-पिवळं झालं, तांबडा-तांबडी-तांबडं झालं. मग एकाने लाल पान उचललं आणि थांबला. "लाल देठ, लाल फांदी, लाल पान. ताई, हा का बदलत नाही?" मी उत्तर दिलं नाही, मावशींचं ऐकून गप्प बसले. मुलांनी रंग आठवायला सुरुवात केली. हिरवा बदलतो, काळा बदलतो, केशरी नाही, गुलाबी नाही. दुसरीतली एक मुलगी म्हणाली, "ज्याच्या शेवटी आ येतो तोच बदलतो." व्याकरणाच्या पुस्तकात आकारान्त विशेषण म्हणतात ते हेच. सात वर्षांच्या मुलीने ते पाचोळ्यात बसून शोधलं. मला त्या क्षणी फार भरून आलं.

पानं पहिल्या रविवारी २४० ग्रॅम भरली होती, दुसऱ्या रविवारी १३० ग्रॅम. "उडून गेलं" म्हणाली मुलं. काय उडून गेलं, यावर दहा मिनिटं भांडण झालं आणि शेवटी पाणी जिंकलं. मग सागाची आणि मेपलची गोष्ट सांगायला आजोबांना उठावं लागलंच नाही, मुलंच त्यांच्या खुर्चीभोवती जाऊन बसली.

कॉफी फिल्टरवर पिवळा पट्टा फिका आला, पण आला. बरणीत तीन अळ्या बाहेर आल्या. धाकटा बरणीपासून हललाच नाही, त्याने त्यांना मातीत जाताना पाहिलं.

तिसऱ्या रविवारसाठी: भोपळा मी आणते, घारग्यांना गूळ आणि कणीक मावशी आणतील. कुणाच्या गल्लीत गिंकोचं झाड आहे का? त्याचं पान आपट्यासारखं दोन पाकळ्यांचं असतं, शास्त्रीय नावातच 'बायलोबा' आहे, आणि पुढच्या आठवड्यात ते सोन्यासारखं पिवळं होईल. दसऱ्याला आपण पिवळ्या कागदाची पानं कापली होती, त्यांच्याशेजारी हे ठेवून मधोमध घडी घालून सममिती दाखवायची आहे. फळं पडलेली असतील तर त्यांना हात लावू नका, वास जाता जात नाही. पानं मात्र एका रात्रीत सगळी गळतात, त्यामुळे शनिवारी दुपारीच वेचून ठेवा. मला वीस पुरतील.

– ताई