पखवाजाचे एकल वादन शिकायचे असेल, तर भजनी मंडळाची साथ थांबवावी का?

प्रश्न : गोदाकाठचा पखवाजी (गंगाखेड)

नमस्कार. मी गंगाखेड तालुक्यातील एका गावात शिक्षक आहे आणि वयाच्या १२ व्या वर्षापासून, म्हणजे गेली २२ वर्षे, गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. गावात दुसरा पखवाजी नसल्यामुळे एकादशीचे भजन, काकडा, चैत्रातला सप्ताह, कोणाच्या घरचे पुण्यस्मरण, यांपैकी कशालाही मला नाही म्हणता येत नाही. पाच वर्षांपूर्वी परभणीला रीतसर शिकायला सुरुवात केली. मध्यमा परीक्षा पूर्ण झाली असून आता विशारद परीक्षेची तयारी चालू आहे. पुढे विशारद पूर्णला मंचप्रदर्शन असते, म्हणून यंदाच्या गुरुपौर्णिमेला गुरुजींनी मला चौतालात (१२ मात्रांच्या तालात) २० मिनिटांचे एकल वादन करायला सांगितले.

ते वादन फसले. आठव्या मिनिटाला माझ्याजवळचे सगळे संपले आणि पुढची बारा मिनिटे मी त्याच चार परना (बांधलेल्या बोलरचना) फिरवून फिरवून वाजवल्या. त्याहून वाईट गोष्ट नंतर ध्वनिमुद्रण ऐकताना कळली : मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत सुरू केलेला चौताल शेवटी ८४ वर गेला होता आणि पेटीवर लेहरा (ताल दाखवणारी, फिरून फिरून वाजवायची सुरांची ओळ) धरणारे गृहस्थ अक्षरशः माझ्यामागे धावत होते. गुरुजींनी सर्वांसमक्ष एवढेच सांगितले की भजनाने माझा हात आणि कान दोन्ही बिघडले आहेत, तेव्हा वर्षभर टाळांच्या गजरात बसू नये. मंडळातील वडीलधारी माणसे म्हणतात की देवाच्या दारातली सेवा परीक्षेसाठी सोडायची नसते. मला दोघांचेही म्हणणे पटते आणि अडचण तीच आहे.

एकट्याने वाजवणे आणि चारचौघांत वाजवणे ही खरोखरच इतकी वेगळी कामे आहेत का, की एकामुळे दुसरे बिघडावे? ज्यांनी दोन्ही केले आहे, त्यांनी अनुभवावरून सांगावे.

उत्तर १ : नाथांच्या गावचा मृदंगी (पैठण)

रामकृष्णहरी माउली. माझे आयुष्य कीर्तनाच्या साथीत गेले. एकल वादन मी मोजून सात-आठ वेळा केले असेल. त्यामुळे माझा कल कुठे असणार हे तुम्ही आधीच गृहीत धरावे.

भजनात लय वाढते हे खरे आहे, पण ती दोन तऱ्हांनी वाढते. अभंग विलंबाने उचलायचा, चरण फिरवत न्यायचा, शेवटी गजर करायचा आणि पुढचा अभंग पुन्हा सावकाश धरायचा, ही आपली रीतच आहे. तिथे लय आपण चढवतो. दुसरी तऱ्हा अशी की कोणी चढवलेली नसताना ती चढते. तुमचे ६० चे ८४ झाले ते या दुसऱ्या जातीचे आहे, आणि माझी शंका अशी आहे की भजनातही तुमच्याकडून ते बऱ्याचदा होत असावे. फक्त तिथे पंचवीस टाळांच्या आवाजात ते कोणाला ऐकू येत नाही. हात भजनाने बिघडवला असे मी म्हणणार नाही, हाताचा दोष भजनाने इतकी वर्षे झाकला, असे मात्र म्हणेन.

तो दोष कुठून येतो याचा मी पुष्कळ विचार केला आहे, कारण मलाही तो होता. दिंडीत मृदंग, म्हणजे आपला पखवाज, मध्ये किंवा मागे असतो आणि टाळकऱ्यांच्या रांगा लांबवर जातात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे १७ मीटरवरच्या टाळकऱ्याला आपली थाप सेकंदाच्या विसाव्या भागाइतकी उशिरा पोहोचते, आणि त्याचा टाळ आपल्यापर्यंत परत येताना तितकाच वेळ पुन्हा जातो. मृदंग्याने त्या टाळावर कान ठेवून वाजवले, तर लय हळूहळू बसत, म्हणजे मंदावत जाते. म्हणूनच जुने टाळकरी कानापेक्षा डोळ्यांवर विसंबतात, पुढच्याचा हात आणि पावलीचे पाऊल पाहतात. आणि मृदंगी लय बसू नये म्हणून नकळत सगळ्यांना पुढे रेटत राहतो. बावीस वर्षे तुम्ही हेच केले. चिखलात रुतलेल्या बैलगाडीला मागून खांदा लावलेल्या माणसासमोरून गाडी एकाएकी निघून जावी, तशी तुमची त्या दिवशी अवस्था झाली : रेटा तसाच होता, पण रेटण्यासारखे समोर काही नव्हते.

भजन सोडल्याने ही सवय जाणार नाही, ती फक्त वर्षभर झोपून राहील. मात्र गुरुजींचे एक म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. गजरात आवाज पोहोचावा म्हणून आपण मनगटाऐवजी खांद्यातून वाजवतो, त्यामुळे हात जड होतो आणि रेल्यातली (सलग जलद बोलांतली) अक्षरे एकमेकांत मिसळतात. पखवाजासमोर माईक ठेवायला मंडळाला सांगावे आणि खुल्या थापेचा जोर निम्म्यावर आणावा. पहिले दोन-तीन महिने लोक म्हणतील की पखवाजी आजारी दिसतो. म्हणू द्यावे.

आणखी एक सांगतो. कीर्तनकार निरूपण करीत असताना हात आवरून बसणे, प्रमाण (आधाराचा अभंग) म्हणताच अलगद ठेक्यात येणे, गायकाने चाल घेतली की तिच्यात न घुसता तिच्याखाली राहणे, या गोष्टी कोणत्याही वर्गात शिकवता येत नाहीत. त्या तुमच्याजवळ आहेत आणि एकल वादनात त्यांचा उपयोग कसा करायचा, हे पेटीवाल्यांपैकी कोणी तरी सांगेल तर बरे.

उत्तर २ : पेटीवादक (जालना)

वरच्या आमंत्रणाचा मान राखून लिहितो. मी शिकवण्या घेतो आणि तबला-पखवाजाच्या एकल वादनाला लेहरा धरायला जातो, म्हणजे या प्रकरणात मी धावणाऱ्या गृहस्थांच्या बाजूचा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी धावायला नको होते. लेहरेकऱ्याचे काम वादकाची मर्जी राखण्याचे नसून जमीन धरून ठेवण्याचे आहे. ६० च्या लयीत २० मिनिटे म्हणजे १२०० मात्रा, चौतालाची बरोबर १०० आवर्तने. तीच एक ओळ शंभर वेळा, कुठेही न हलता, वादकाची तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) कितीही मोहात पाडणारी असली तरी समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, जागा न सोडता वाजवणे, हे दिसायला कंटाळवाणे आणि करायला फार कठीण काम आहे. तेव्हा ‘एकल’ हा शब्द थोडा फसवा आहे. मंचावर नेहमी दोघे असतात आणि त्यांतला न चमकणारा माणूस ढळला, तर चमकणाऱ्याचे गणित कोसळते. तुम्ही वादन एकट्याचे समजलात, लेहरा पार्श्वभूमीला वाजणारी एक सोय समजलात, आणि माझ्या मते चूक तिथे आहे. भजनात तुम्ही विणेकऱ्याकडे पाहता, गायकाचा श्वास ओळखता. मग पेटीकडे का नाही?

इलाज सांगतो. तीन आठवडे पखवाजाला हात न लावता हातावर चौताल धरून लेहरा गुणगुणावा, जमल्यास पेटीवर स्वतः वाजवावा. नंतर मोबाइलवरच्या लेहऱ्याबरोबर रोज ६० वर वाजवावे, कारण मोबाइल भीड बाळगत नाही. परंतु आठवड्यातून एकदा तरी माणसाबरोबर बसावे, कारण मोबाइल ऐकतही नाही.

आठव्या मिनिटाला साठा संपला याचे कारणही मला भजनात दिसते. तिथे दोन चरणांच्या मध्ये एखाद-दुसरे आवर्तन मोकळे मिळते आणि पखवाजी त्यात आपले उत्तमातले उत्तम घालून मोकळा होतो. शंभर आवर्तनांचा विचार करायची वेळच येत नाही. एकल वादनात प्रत्येक परनेनंतर एक-दोन आवर्तने साधा ठेका ठेवावा, ऐकणाऱ्याला आणि स्वतःला श्वास घेऊ द्यावा. निरूपण चालू असताना हात आवरणे ते हेच, फक्त येथे निरूपणही आपलेच असते. आणि चार परना असल्या तरी चालतील, पण त्यांतली एक घेऊन तिची दुगुण, तिगुण, आड (दुप्पट, तिप्पट, दीडपट लय), मग तिच्यातल्याच तुकड्यावर तिहाई, असा तिचा संसार मांडता आला पाहिजे.

जाता जाता : साथ ही खालची आणि एकल वादन वरचे, अशी पायरी कोणी तुमच्या डोक्यात घालत असेल तर आमच्या जालन्याकडचे आप्पा जळगावकर आठवावेत. त्यांचे नाव देशभर झाले ते मुख्यतः संगतकार म्हणून. गायकाने घेतलेली हरकत त्याच्या मागोमाग, पण त्याला न अडवता उमटवणे, ही विद्या कोणत्याही एकल वादनाइतकीच कसाची आहे. गोविंदराव टेंबे यांनी भास्करबुवा बखले यांची साथ केली आणि पेटीचे स्वतंत्र वादनही केले. एकाने दुसरे बिघडल्याचे ऐकिवात नाही.

उत्तर ३ : तबलजी (लातूर)

मला वरील दोन्ही उत्तरे फार उदार वाटतात. प्रश्नकर्ते नोकरी करतात. दिवसाला त्यांच्या हाती दोन तास असतील, आणि सप्ताहात किंवा काकड्याच्या महिन्यात तेही भजनात जातील. महाविद्यालयात असताना मी एकाच वर्षी युवक महोत्सवात तालवाद्याचे एकल वादन आणि लोकवाद्यवृंद अशा दोन्ही स्पर्धांना उतरलो. वाद्यवृंदाच्या तालमीला रोज बारा जण वाट पाहात असायचे, म्हणून ती कधी चुकली नाही. एकल वादनाच्या रियाजाची वाट पाहणारे कोणीच नव्हते, म्हणून तो रोज चुकला. वाद्यवृंदाला बक्षीस मिळाले आणि एकल वादनात मी तिहाई चुकून समेच्या अलीकडेच येऊन थांबलो.

चारचौघांतले काम एकट्याच्या कामाला नेहमी गिळते, आणि त्याला सेवेचे नाव असले तर नाही म्हणणे अधिकच अवघड होते. गुरुजी वर्षभर म्हणतात तर वर्षभर थांबावे. विठोबा २८ युगे उभा आहे, तो एक वर्ष थांबेल.

उत्तर ४ : सूरसखी (परभणी)

मी महिला भजनी मंडळात गाते. तुमचा प्रश्न एकल आणि समूह यांचा आहे असे मला वाटतच नाही. बावीस वर्षांत तुमच्या मंडळाने दुसरा पखवाजी तयार केला नाही, प्रश्न तो आहे. (आमच्या मंडळाला तर पहिलाही मिळत नाही. पुरुषांच्या भजनाला रात्री दोनपर्यंत बसणारे पखवाजी आम्हाला दुपारी चारला ‘वेळ नाही’ म्हणतात आणि आम्ही ढोलकीवर भागवतो.)

आपल्याकडच्या गोंधळ्यांचे पाहावे. परभणीच्या राजारामभाऊ कदमांनी गोंधळ मोठ्या रंगमंचापर्यंत नेला. त्यात नजर मुख्य गोंधळ्यावर असते, कथा तोच सांगतो. पण मागे तुणतुणे आणि संबळ असल्याशिवाय ती कथा उभी राहात नाही. घरातले पोर आधी मागे तुणतुणे घेऊन उभे राहते, मग झांज, मग संबळ, आणि असे करता करता एक दिवस पुढे येते. समूहातच एकट्याची तयारी होते, पण त्यासाठी पुढच्याने केव्हा तरी बाजूला सरकावे लागते. तुम्ही शिक्षक आहात. शाळेतली दोन मुले हाताशी धरलीत, तर गुरुजींचेही राहील आणि मंडळाचेही.

प्रश्नकर्ता : गोदाकाठचा पखवाजी

सर्वांचे आभार. पैठणच्या माउलींची शंका तपासण्यासाठी परवाच्या एकादशीचे भजन मी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले आणि घड्याळ लावून मात्रा मोजल्या. पहिला अभंग ७२ वर उचलला, गजर ११० वर गेला, तिथवर ठीक. परंतु दुसरा अभंग मी ८० वर धरला आणि तिसरा ८८ वर, आणि मला स्वतःला तो प्रत्येक वेळी पहिल्याइतकाच सावकाश वाटत होता. हे मला ठाऊकच नव्हते.

गुरुजींना ते आकडे दाखवले. त्यांनी बराच वेळ काही न बोलता ऐकले आणि मग एवढी सवलत दिली की एकादशी वाजवावी, पण आश्विनी पौर्णिमेपासूनचा काकडा यंदा सोडावा. सातवीतली दोन मुले रोज संध्याकाळी येऊ लागली आहेत. त्यांतल्या एकाची लय माझ्यापेक्षा स्थिर आहे, हे कबूल करताना थोडे जड जाते. लातूरच्या मित्रांचे म्हणणे मला टोचले, त्या अर्थी ते खरे असावे. रियाजाची वेळ पहाटे साडेचारची केली आहे.

एक शंका उरली. भजनासाठी माझा पखवाज काळी चारला (चढ्या स्वराला) लावलेला असतो आणि रियाजाचा लेहरा मी काळी एकचा (उतरत्या स्वराचा) घेतला आहे. रोज उतरवून पुन्हा चढवावा का?

उत्तर ५ : नाथांच्या गावचा मृदंगी (पैठण)

मुळीच नको. रोजच्या चढउताराने वादी (ताण देणारी चामड्याची पट्टी) सैल पडते, पुडी (तोंडावरचे कातडे) लवकर जाते आणि वाद्य कोणत्याच स्वरात धड राहात नाही. भजनाचा लहान तोंडाचा पखवाज देवळातच ठेवावा आणि रियाजासाठी मोठ्या तोंडाचे जुने खोड (पखवाजाचे लाकडी अंग) कोणाकडे पडून असेल तर ते मागून आणून नवी पुडी चढवून घ्यावी. तोपर्यंत लेहराच काळी चारचा लावावा, लयीच्या अभ्यासाला स्वर आडवा येत नाही. आणि धुमाला (डाव्या तोंडाला) कणीक लावताना भजनापेक्षा थोडी सैल मळून लावावी. धुमा गंभीर बोलू लागला की हात आपोआप घाई कमी करतो, असा माझा तरी अनुभव आहे.