क्लासबाहेर कराटे खेळायचंय, पण सरांना न दुखावता. मार्ग सुचवा

नमस्कार मंडळी. मी नाशिकला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चौथीपासून एकाच सरांकडे शोतोकान (कराटेची एक शैली) शिकतोय, सध्या ब्राऊन बेल्ट. सरांबद्दल तक्रार नाही हे आधीच सांगतो, नाहीतर पहिलाच प्रतिसाद 'क्लास बदल' असा येईल. त्यांनी काता (ठरलेल्या हालचालींचे क्रम) इतके घोटून घेतलेत की झोपेतून उठवलं तरी हेइआन गोदान चुकणार नाही. अडचण कुमितेची, म्हणजे समोरासमोरच्या लढतीची आहे.

आमची संघटना स्वतःच्या स्पर्धा स्वतःच भरवते. जिल्हा, राज्य, 'राष्ट्रीय', सगळं घरचंच. पंच आमचेच सर लोक आणि खेळाडू त्याच त्या शाखांचे. वय, वजन, बेल्ट असे इतके गट पाडतात की एकेका गटात चार पोरं उरतात, आणि ब्राँझ दोघांना असल्यामुळे चौघांनाही मेडल! घरचं शोकेस भरलंय. आई पाहुण्यांना कौतुकाने दाखवते आणि मी आत जाऊन बसतो. समोरचा कुठल्या पायाने मावाशी (गोल फिरवून लाथ) मारणार हे मला ठाऊक असतं, माझं त्याला.

त्यात आम्ही शोबू इप्पोन खेळतो. एक इप्पोन (पूर्ण गुण) किंवा दोन वाझा-आरी (अर्धे गुण), की खेळ खल्लास. मागच्या सुट्टीत मित्राच्या क्लासवर सहज गेलो होतो. ती मुलं डब्ल्यूकेएफच्या (जागतिक कराटे महासंघाच्या) नियमांनी खेळतात, तेही मॅटवर (आमच्याकडे शाळेच्या हॉलची शहाबादी फरशी). माझ्यापेक्षा दोन बेल्ट खालच्या मुलाने पुढच्या पायाला आशी-बाराई (पायाने पाय झटकणं) लावून मला पाडलं आणि उठायच्या आत पाठीवर ठोसा टेकवला. मला पडायचं कसं हेच शिकवलेलं नाही. पंजा टेकून पडलो, मनगट बरेच दिवस दुखत होतं.

तेव्हापासून दोन गोष्टी डोक्यात आहेत. एक म्हणजे बाहेरच्या खऱ्या स्पर्धेत उतरायचं, आणि दुसरी, थोडा ज्युदो शिकायचा. सरांकडे विषय काढला. रागावले नाहीत. "आपल्याकडे काय कमी आहे?" एवढंच म्हणाले आणि वॉर्मअप घ्यायला वळले. पुढे ब्लॅक बेल्टची परीक्षा आहे, लहान मुलांची बॅच मी घेतो, आणि ग्रेडिंगच्या फॉर्मवर 'अन्य संघटनेच्या स्पर्धेत भाग घेणार नाही' असं छापलेलं असतं. शाळेत असताना त्यावर बाबांनी सही केलीय.

हे न तोडता बाहेर खेळायचा काही मार्ग आहे का? आणि कुठली स्पर्धा खरी हे ओळखायचं कसं?

जुना पंच:
अरे, तुझ्या कॉलेजचं काय? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कराटे स्पर्धा होतात. आधी आंतरमहाविद्यालयीन, तुझ्यासाठी नाशिक विभागातली. मग आंतरविभागीय, आणि तिथून निवडलेला विद्यापीठाचा संघ अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. तिथे तू कॉलेजचा विद्यार्थी म्हणून उतरतोस, क्लासचा म्हणून नाही. सही प्राचार्यांची लागते. वय २५ च्या आत हवं. जिमखान्यात जाऊन फिजिकल डायरेक्टरांना उद्याच गाठ. पत्रक त्यांच्या टेबलावर पडलेलं असतं आणि पोरांना कळेपर्यंत तारीख उलटून जाते. (शाळेतल्या मुलांचे पालक हे वाचत असतील तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय स्पर्धा बघा: १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट.)

'खुली', 'निमंत्रित', 'आंतरराष्ट्रीय' असे बॅनर कोणीही लावतो. आयोजकाला संलग्नता विचारायची. डब्ल्यूकेएफची भारतातली मान्यता सध्या कराटे इंडिया ऑर्गनायझेशनकडे आहे, २०२० पर्यंत दुसऱ्या संघटनेकडे होती. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीची माहिती सांगणाऱ्यांवर विसंबू नकोस.

खेळाचं म्हणशील तर डब्ल्यूकेएफचा हिशेब वेगळा आहे. ठोशाला एक गुण, धडावरच्या लाथेला दोन, डोक्यावरच्या लाथेला किंवा पाडून लगेच मारलेल्या फटक्याला तीन. आठ गुणांची आघाडी झाली की लढत संपते. पहिला गुण निर्विवाद घेतलास तर सेन्शू तुझा, बरोबरी झाली की त्याचा उपयोग. तीन मिनिटं आहेत. दबा धरून उभा राहिलास तर ताकीद मिळेल, मागे सरकत ८ बाय ८ मीटरच्या बाहेर गेलास तरी मिळेल. इप्पोनवाल्यांचं पहिल्या स्पर्धेत हेच होतं. टायमिंग सुरेख असतं, पण एक ठोसा बसला की हात खाली सोडून पंचाकडे बघत राहतात.

ज्युदोवाली:
ज्युदो जरूर शिक. पहिले काही आठवडे नुसतं पडायला लावतील, कंटाळू नकोस. त्याला उकेमी म्हणतात. हात कोपरापासून पंजापर्यंत सपाट आपटायचा, हनुवटी छातीला. कराटेचा गी (सरावाचा पोशाख) घालून जाऊ नकोस, कॉलर धरून कोणी ओढलं की खांद्यातून टर्रकन फाटतो. ज्युदोच्या गीची वीण जाड असते.

सरांना पटवायला इतिहास आहेच. शोतोकानचे जनक फुनाकोशी १९२२ मध्ये तोक्योला आले तेव्हा ज्युदोचे जनक जिगोरो कानोंनीच त्यांना कोदोकानमध्ये (ज्युदोच्या मुख्य केंद्रात) प्रात्यक्षिकाला बोलावलं. कराटेतला गी आणि बेल्टची पद्धत ज्युदोकडूनच आलीय. फुनाकोशींचे स्वतःचे गुरूही दोन होते, अझातो आणि इतोसू. गोजूशिहो हा काता शिकायला त्यांनी आपल्या शिष्याला, नाकायामांना, शितो-र्यू या दुसऱ्या शैलीच्या माबुनींकडे नेलं होतं. म्हणजे शोतोकानच्या मूळ पुरुषालाच शिष्य दुसऱ्याकडे नेण्यात कमीपणा वाटला नाही. फक्त हे वाद घालायला वापरू नकोस, चहा पिताना निघालं तर निघू दे.

आडवा प्रतिसाद:
इतिहास राहू दे. सरांना भीती कशाची आहे ते बघ. सीनियर पोरगा बाहेर जातो, चार महिन्यांनी स्वतःचा क्लास काढतो आणि लहान बॅचमधले निम्मे घेऊन जातो. प्रत्येक क्लासवाल्याने हे भोगलंय. 'मला शिकायचंय' याने ती भीती जाणार नाही, 'बॅच माझी आहे, एकही वार चुकणार नाही' याने जाईल. आणि तो फॉर्म परीक्षेच्या वेळी पुन्हा येईल. आता सही तुझी आहे. वाचून, विचारून कर.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. जिमखान्यात जाऊन आलो. पत्रक खरंच टेबलावर होतं! आमच्या कॉलेजातून कराटेला आजवर कोणी नावच दिलं नव्हतं म्हणे. सरांना शनिवारी बॅच संपल्यावर सांगणार आहे, आडवा प्रतिसाद यांच्या शब्दांत. ज्युदोचं नंतर काढतो, दोन्ही एकदम नको.

माझं वजन ६८ भरतं. ६७ च्या आतल्या गटात उतरू की ७५ च्या?

जुना पंच:
पहिल्या स्पर्धेला वजन पाडायच्या भानगडीत पडू नकोस, ७५ ला खेळ. उंच पोरं येतील, त्यांच्या पायांच्या टप्प्याची सवय कर. ग्लोव्ह्ज आणि शिनगार्ड लाल-निळे दोन्ही घे. बेल्टही लाल-निळाच लागतो, ब्राऊन बॅगेत राहू दे. गमशील्ड आदल्या रात्री विकत घेऊ नकोस. गरम पाण्यात टाकून दातांवर बसवावी लागते, आणि ती घालून श्वास घ्यायची सवय व्हायला दोन-चार सराव जातात.