मुंबईहून रात्री 2:40 चं विमान, संभाजीनगरहून कधी निघायचं? (आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

बी-204 मावशी: नमस्कार मंडळी. दिवाळीला लेकाकडं दुबईला जायचंय आम्हा दोघांना. तिकीट त्यानंच काढून पाठवलंय, मुंबईहून. तिकिटावर 12 तारीख, 02:40 असं आहे. हे म्हणतात समृद्धीनं गाडी करून जाऊ. 12 ला किती वाजता निघावं? नेहमी जाणाऱ्यांनी सांगा.

ए-401 सर: मावशी, आधी तारीख नीट बघू. 12 तारखेचे 02:40 म्हणजे 11 तारखेची रात्र. 11 ला रात्री साडेअकराच्या आत तुम्ही विमानतळाच्या दारात पाहिजेत. 12 ला सकाळी इथनं निघून काही उपयोग नाही. कॅलेंडरवर 11 वर खूण करा आणि गाडीवाल्यालाही 11 च सांगा.

बी-204 मावशी: अगं बाई! बरं झालं विचारलं.

सी-103 दादा: साडेअकरा लई लवकर नाही का होत सर? घरनं वेब चेक-इन करून ठेवलं तर दोन तास आधी पोचलं तरी चालतंय की.

ए-401 सर: हातात नुसती पिशवी असती तर वेगळं. वेब चेक-इननं सीट मिळते, पण मोठी बॅग काउंटरवरच द्यावी लागते, आणि परदेशी जाताना पासपोर्ट-व्हिसाही तिथंच बघतात. हा काउंटर विमान सुटायच्या निदान तासभर आधी बंद होतो, काही कंपन्यांचा सव्वा तास. म्हणजे मावशींची खरी वेळ 2:40 नाही, 1:25 धरायची आणि तिथून मागं मोजत यायचं. त्यात मुंबईहून बाहेरच्या देशांची बरीच विमानं मध्यरात्रीनंतरच सुटतात. त्या वेळी टर्मिनल 2 वर बॅगेला रांग, इमिग्रेशनला रांग, सुरक्षा तपासणीला रांग. दोघंही साठीच्या पुढचे आहेत, धावपळ करत कशाला जायचं? काकांचा गुडघा दुखतो ना? लेकाला सांगून आत्ताच तिकिटात व्हीलचेअर नोंदवून घ्या. ती आयत्या वेळी मागितली तर बसून वाट बघावी लागते.

डी-302 ताई: आणि गाडीचं? समृद्धीनं आता मुंबई जवळ झालीय म्हणतात.

ए-401 सर: झालीच आहे. 5 जून 2025 पासून इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडाही सुरू झाला, कसारा घाटाची कटकट संपली. इथं आपल्याजवळ सावंगीला चढलं की आमण्यापर्यंत चहापाण्यासह तीन-साडेतीन तासांत पोचता येतं. अडचण त्याच्या पुढं आहे. आमणे म्हणजे भिवंडीजवळ. तिथनं सहारला, म्हणजे मुंबईच्या विमानतळावर, कधी सव्वा तासात गाडी लागते, कधी तीन तास निघतात, आणि संध्याकाळी त्याचा काहीच भरवसा नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, हाताशी ठेवायचा जादा वेळ रस्त्यावर धरू नका, मुंबईत धरा. दुपारपर्यंत मुंबईत किंवा ठाण्यात पोचायचं, कुणाकडं तरी जेवायचं, पाठ टेकायची, आणि रात्री तिथनं तासाभराच्या अंतरावरून विमानतळावर जायचं.

दुसरं, मला जास्त काळजी ड्रायव्हरची वाटते. तो तुम्हाला मध्यरात्री सोडणार आणि भाडं वाचावं म्हणून तसाच परत निघणार. समृद्धीसारख्या सरळसोट रस्त्यावर एका वेगानं चालवताना डोळा लागतो, आणि पहाटे तर हमखास. गाडीच न्यायची असेल तर त्याच्या मुक्कामाचे पैसे आधीच धरा आणि सकाळी झोप झाल्याशिवाय निघायचं नाही असं त्याला बजावून सांगा. टायरही बघून घ्या.

बी-204 मावशी: ठाण्यात माझी भाची आहे. तिच्याकडं थांबता येईल.

डी-302 ताई: मग वंदे भारतनं जा ना मावशी. आता नांदेडहून येते ती, सकाळी आपल्याकडनं निघते आणि दुपारी मुंबईत. ठाण्याला थांबते. आठवड्यातून एक दिवस नसते, तेवढं बघून घ्या. नसलीच त्या दिवशी, तर आदल्या रात्रीची देवगिरी एक्सप्रेस आहे.

सी-103 दादा: आपल्या इथल्या चिकलठाणा विमानतळावरून संध्याकाळचं मुंबईचं विमान घेतलं तर? तासाभराचं काम.

ए-401 सर: एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर (बुकिंग नंबरवर) दुबईपर्यंतचं असतं तर मीच सुचवलं असतं. त्यात पहिलं विमान लेट झालं तर पुढं पाठवायची जबाबदारी कंपनीची. इथं दुबईचं तिकीट आधीच वेगळं निघालंय. पहिलं विमान रखडलं किंवा रद्द झालं तर दुसरी कंपनी तुम्हाला 'आला नाहीत' असं धरते आणि पैसे जातात. माझ्या मेहुण्याचे असेच गेले. शिवाय मुंबईत बॅगा उचलून परत द्यायच्या, कदाचित टर्मिनलही बदलायचं. पुढच्या वेळी लेकाला सांगा, शोधताना सुरुवातच संभाजीनगरपासून कर. नांदेड-देगलूरकडच्या पाहुण्यांना तर मुंबईपेक्षा हैदराबादच सोयीचं पडतं.

आणि तिकिटावर विमानतळाचा कोड वाचा. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. बीओएम असेल तर सहार, एनएमआय असेल तर नवी मुंबई. नुसतं 'मुंबई' वाचून निघू नका.

बी-204 मावशी: बीओएम आहे. बघितलं आत्ता. फराळाचं काय? लाडू, चकल्या, अनारसे, शेंगदाण्याची चटणी, येसर, खोबऱ्याच्या चार वाट्या, असं सगळं काढून ठेवलंय.

डी-302 ताई: मावशी, अनारसे नका नेऊ!! खसखस दुबईत चालतच नाही, तिथं ती अमली पदार्थांत धरतात. अनारशावरची थोडीसुद्धा नको. येसरात किंवा काळ्या मसाल्यात घातली असेल तर तोही राहू द्या. माझी बहीण शारजात आहे, ती दरवेळी आठवण करते.

ए-401 सर: ताईंचं शंभर टक्के बरोबर, यात तडजोड नको. आणि खोबऱ्याच्या वाट्याही ठेवून जा. सुक्या खोबऱ्यातल्या तेलामुळं ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात धोकादायक मालात मोडतं. तिथं दुकानात मिळतं. चटणी, लोणचं मोठ्या बॅगेत. हातातल्या पिशवीत तेलाची, पाण्याची कुठलीही बाटली 100 मिलिलिटरच्या वर नको. पॉवर बँक मात्र हातातल्याच पिशवीत, मोठ्या बॅगेत बिलकुल नाही.

काकांच्या गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉलसारखी दुखण्यावरची गोळी चालू असेल तर मला आजच सांगा. तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते.

बी-204 मावशी: यांना बीपीच्या आणि गुडघ्याच्या चालू आहेत. नावं बघून टाकते.

सी-103 दादा: सर, मला पुढच्या आठवड्यात चिकलठाण्याहून दिल्ली आहे. तिथं तरी तासभर पुरे ना?

ए-401 सर: नाही. विमानतळ लहान असला तरी काउंटर 60 मिनिटं आधीच बंद होतो. दीड तास आधी पोच, घरून पंधरा मिनिटांचा तर रस्ता आहे. आणि इथनं विमानंच मोजकी. एक चुकलं की दुसरं बहुधा दुसऱ्या दिवशीच.

बी-204 मावशी: सर, गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो तुम्हाला वेगळा पाठवलाय. ताई, वंदे भारतची दोन तिकिटं ठाण्यापर्यंत काढून द्याल का? पैसे संध्याकाळी आणून देते.

डी-302 ताई: काढते. 11 चीच बघते, नसली तर 10 च्या रात्रीची देवगिरी. खालच्या बर्थचं टाकते काकांसाठी.