विषय: रि: रि: संत्र्याची कोशिंबीर – गूळ-मिरची आज की उद्या?

शुक्र. रात्री 9.40
मंडळी, 90 पानं आहेत. नेव्हल संत्र्यांच्या चार पेट्या घरात येऊन पडल्यात, शिवाय अंगणातली दोन पपनसं. आज रात्रीच चिरून गूळ-मिरचीत घालून ठेवू का? उद्या सकाळी हॉलची किल्लीही मलाच आणायचीये. लवकर सांगा.
– स्वयंपाक समिती (म्हणजे मी एकटीच)

9.52
अजिबात नको! मागच्या संक्रांतीला कोशिंबीर कमी नि पाणी जास्त झालं होतं. मीठ-गूळ लागला की फोडी पाणी सोडतात. गूळ लिंबाच्या रसात कोमट करून विरघळवायचा (नुसत्या तेलात तो तळाशी बसतो), मग तेल, हिरवी मिरची वाटून, भाजलेलं जिरं. बरणीत भरून न्या, वाढायच्या दहा मिनिटं आधी ओता. तीळ सगळ्यात शेवटी.
– माजी स्वयंपाक समिती

10.05
पाण्याचं सोडा, कडू का झाली होती? बिया तर नव्हत्या.
– खजिनदार

10.21
नेव्हलचा रस ठेवला की कडवट होतो. लिमोनिन नावाचं कडू द्रव्य तयार होतं. ताज्या फोडीत लागत नाही, रात्रभर रसात बुडून राहिली की लागतं. आणि खरं सांगू, पांढरा पापुद्रा कोणी काढला नव्हता. आमच्या नागपूरजवळच्या काटोलला आंबिया बहाराचं (आंब्याच्या मोहराच्या वेळी फुलणारं) संत्रं झाडाखालीच सोलून, तिखट-मीठ लावून संपायचं. कडू व्हायला वेळच कुठे मिळायचा!

10.30
आलं का परत नागपूर! जीआय (भौगोलिक मानांकन) 2014 साली मिळालं, तेव्हापासून दरवर्षी ऐकतोय. आणि भाऊ, ते मँडरिन, साल आपोआप सुटते. नेव्हलला सुरी लागते. तुलना कशाला?

10.34
पापुद्रा मी काढला होता. निदान निम्म्याचा.
– माजी स्वयंपाक समिती

10.41
पपनस वेगळ्या वाडग्यात ठेवा, वर चिठ्ठी लावा. ग्रेपफ्रूटसारखंच तेही सिम्वास्टॅटिनसारख्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांशी जमत नाही, रक्तातलं औषध वाढतं. आपल्याकडे पन्नाशीपुढचे किती, मोजा.

10.50
चिठ्ठी मराठीत की इंग्रजीत? सुना-जावयांचाही विचार करा.
– खजिनदार

10.58
सगळं वाचलं. बरणी वेगळी, पपनस वेगळं, चिठ्ठी दोन्ही भाषांत. आता सकाळी आठला सोलायला कोण येतंय?
– एकटीच

11.20
मी बारापर्यंत फोडणी घेऊन पोचतो.

11.23
फोडणी? संत्र्यावर?? हिंगही घालता का तुम्ही?